मैदानाबाबत हरकत

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, मी आमच्या वस्तीतल्या पोरांच्या खेळाच्या मैदानाला विरोध केला. तशी नोंद आहे. नोंदीसमोर माझी सही आहे. सहीखाली तारीखही मीच घातली आहे, तीही सुवाच्य.

गेलो होतो मैदान वाचवायला.

प्रकरण एवढंच, की शहराचा विकास आराखडा वीसेक वर्षांनी सुधारायचा असतो. तसा तो सुधारला, आणि नव्या प्रारूपात मैदानाच्या मधोमध 18 मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यात आखलेला रस्ता, आला. मैदान 75 बाय 80 मीटरचं, म्हणजे 6000 चौरस मीटर. रस्त्यात त्यातले 1440 गेले. कागदावर अजून 76 टक्के मैदान शिल्लक आहे, आणि आराखडा करणाऱ्याला विचारलंत तर तो हेच सांगेल. जमिनीवर शिल्लक आहेत साडेअठ्ठावीस मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या. क्रिकेटची खेळपट्टीच 20.12 मीटर लांब असते. म्हणजे यष्टिरक्षक एका पट्टीत आणि लाँग ऑन रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर.

हे कळायलाही आधी नकाशा वाचता यावा लागतो. आराखड्याचे नकाशे भिंतीवर लावतात आणि संकेतस्थळावर पीडीएफ टाकतात. 1:4000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे 40 मीटर. 18 मीटरचा रस्ता साडेचार मिलिमीटर. बॉलपेनने मारलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर दोन मीटर, म्हणजे कोणाचं तरी न्हाणीघर. त्यात आपण ती पीडीएफ घरच्या प्रिंटरवर काढतो, प्रिंटर ती कागदात मावेल अशी आक्रसून देतो, आणि प्रमाण तिथेच संपतं. मग पट्टी लावून मोजलेलं सगळं खोटं. नकाशाच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची मोजपट्टी छापलेली असते, ती कागदाबरोबर आक्रसते, म्हणून मोजायचं ते तिच्यावरून. मी पहिल्यांदा फूटपट्टीने मोजलं तेव्हा रस्ता साडेबारा मीटर भरला आणि मला अर्धा दिवस बरं वाटलं.

प्रारूपावर लोकांच्या लेखी हरकती मागवतात आणि मग एकेकाला बोलावून ऐकतात. मीही हरकतीचं पत्र दिलं होतं. तर सुनावणी. बोलावण्याच्या पत्रात वेळ सकाळी 11 ची. ती सगळ्यांनाच 11 ची असते. माझा टोकन क्रमांक 214. बाहेर बाकं तीन, पंखे दोन, त्यातला एक चालू. चालू पंख्याखालच्या बाकावर एक काका बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी, आणि खाली उशी. घरून आणलेली, फुलाफुलांच्या अभ्र्याची. सुनावणीला उशी आणणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

“कितवी?” त्यांनी विचारलं.

“काय कितवी?”

“सुनावणी हो.”

“पहिलीच.”

मुंजीतल्या बटूकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून अर्धी उशी देऊ केली.

काकांची बावीस गुंठे जमीन. मागच्या आराखड्यापासून तिच्यावर ‘प्राथमिक शाळा’ असं आरक्षण, म्हणजे ती जागा शाळेसाठी राखून ठेवलेली. शाळा झाली नाही, भूसंपादनाची नोटीसही आली नाही. पण आरक्षण इतकं मुरलं, की घरात त्या जमिनीचं नावच शाळा पडलं. शाळेतले आंबे. शाळेतला गोठा. “सूनबाई नवीन आली तेव्हा आमची आई तिला म्हणाली, जा, शाळेतून शेण घेऊन ये. पोरगी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.”

मी सहानुभूतीने म्हणालो, “इतकी वर्षं अडकून पडलीय जमीन. यावेळी उठेल बघा आरक्षण.”

“उठेल?” काका उशीवरून चार बोटं वर आले. “उठवायला कोण आलंय? मी कायम ठेवायला आलोय!”

आरक्षित जमिनीचा मालक आरक्षणाच्या बाजूने भांडतोय हे दृश्य नगररचना खात्याच्या शिपायानेही पाहिलं नसावं. तोही दारातून आत डोकावायचं सोडून आमच्याकडे वळला.

“आम्ही चौघे भाऊ,” काका म्हणाले. “आरक्षण आहे म्हणून वाटप नाही. वाटप नाही म्हणून भांडण नाही. दिवाळीला चौघं एका पंगतीला बसतो. आरक्षण उठलं की पंगतीला चार वकील बसतील. पण धाकटा 127 घालायला निघालाय.”

127 म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याचं कलम 127. काका कलमांची नावं एसटीच्या थांब्यांसारखी घेत होते. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर जमीनवाला खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे उठतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, मग चोवीस. सरकारला जमीन घ्यायला वेळ पुरत नाही म्हणून वेळ वाढवत गेले, जमीन मात्र तेवढीच राहिली.

“आणि नोटीस द्यायला मालक लागत नाही,” काका कुजबुजले. “हितसंबंधी व्यक्ती पुरते. धाकट्याएवढी हितसंबंधी व्यक्ती आमच्या तालुक्यात नाही.”

“पण हक्काची कागदपत्रं जोडावी लागतात ना?”

“म्हणून तर तीस वर्षं किल्ली जानव्याला बांधून फिरलो. आता पंधरा रुपयांत सहीचा सातबारा मोबाईलवर निघतो. काय उपयोग किल्लीचा?” त्यांनी सदऱ्याच्या गळ्यातून किल्ली काढून दाखवली. खरंच होती.

मग त्यांनी माझी फाइल मागितली. मी दिली. चार वाजेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एवढं फुकटचं शहाणपण मला आजवर एकाही कार्यालयात मिळालेलं नाही. एका पत्रात एकच मुद्दा घ्यायचा, दोन घातले तर सोपा तेवढाच नोंदतात. जागेची खूण ‘गणपतीच्या देवळामागे’ अशी सांगायची नाही, सर्व्हे क्रमांक आणि आराखड्यातला आरक्षण क्रमांक लिहायचा, कारण छाननीत पत्रांचे गठ्ठे आरक्षण क्रमांकावरून लागतात. देवळावरून लावले तर देवळाच्या गठ्ठ्यात जाल. भाग नकाशा जोडून जागेला लाल गोल करायचा, पण गोलाने रस्त्याची रेघ झाकायची नाही. नुसतं ‘रस्ता नको’ म्हणायचं नाही. रस्ता कुठून न्यावा तेही दाखवायचं, नाहीतर ‘पर्याय सुचविलेला नाही’ एवढ्या तीन शब्दांत निकाल. शेवटी ‘प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी’ हे वाक्य घालायचं. पत्र दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. “नुसता शिक्का नको. शिक्का माझ्या नातवाकडेही आहे. क्रमांक!” मुदत मोजायची ती नोटिशीत छापलेली, कुठे 30 दिवस असतात, कुठे 60, आणि ती आपल्याला कळल्या दिवसापासून मोजत नाहीत.

“आणि ईएलयूच्या वेळी कुठे होतात?” त्यांनी अचानक विचारलं.

मी कुठेच नव्हतो. कोणीच नसतं. आराखडा काढण्याआधी पालिका विद्यमान जमीन वापर नकाशा करते, तोच ईएलयू, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. खरी मेख तिथे असते. मैदान ‘मैदान’ म्हणून नोंदलं गेलं तर पुढे त्याला हात लावताना माणूस जरा दचकतो. ‘मोकळी जागा’ म्हणून नोंदलं गेलं तर तीत काहीही टाकता येतं. मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा आठवा. त्याच्या विद्यमान वापराच्या नकाशांतच नागरिकांनी चुकांचा ढीग दाखवला होता, पुढे फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप आलं तेव्हा असा गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते फेरबनवायला सांगितलं. सुधारित प्रारूप 2016 ला आलं, मंजुरी 2018 ला. आमचं मैदान नोंदवायला माणूस आला असेल तेव्हा पावसाळा असणार, गुडघाभर गवत असणार आणि पोरं शाळेत असणार. काकांच्या नव्हे, खऱ्या शाळेत.

काका माझ्या पत्राच्या पहिल्या ओळीशी परत आले आणि तिथेच थांबले. चष्मा कपाळावर नेला. परत खाली आणला.

“हं. ‘बाबत’.”

माझा विषय होता: ‘प्रारूप विकास आराखड्यातील खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाबाबत हरकत’.

“त्यात काय चुकलं?”

“चुकलं काही नाही. ‘बाबत’ला बाजू नसते. आत संगणकावर जो पोरगा बसलाय तो विषयच वाचणार. मैदान, आरक्षण, हरकत. झालं.”

“आत माणसं बसलीत हो काका. पत्र वाचतील.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी उशीची आपली अर्धी बाजू थापटली.

“दोनशे चौदा!” शिपाई ओरडला.

कायद्याप्रमाणे समितीत स्थायी समितीचे 3 सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त 4 तज्ज्ञ. भरलेल्या खुर्च्या तीन होत्या, आणि त्यातली एक फोनवर होती. कोपऱ्यात लॅपटॉपवाला मुलगा. त्याने वाचलं, “दोनशे चौदा. खेळाचं मैदान. विरोध.”

“बोला,” साहेब म्हणाले.

“विरोध नाही साहेब. मैदान राहावं असं माझं म्हणणं आहे.”

“मग हरकत मागे घेताय?”

इथे मी जो थांबलो तो अजून थांबलोच आहे. हरकत मागे घेतली तर रस्ता राहतो. कायम ठेवली तर मी मैदानाच्या विरोधात. मी म्हणालो, “हरकत कायम. मैदानही कायम.”

“दोन्ही कसं कायम राहील?” साहेबांनी खऱ्या कुतूहलाने विचारलं.

मी पट्ट्या सांगितल्या, साडेअठ्ठावीस मीटर सांगितले, पर्यायी रस्ता पश्चिमेच्या हद्दीवरून कसा जाईल ते सांगायला नकाशा उलगडला. नकाशा पाण्याच्या पेल्यावर पडला. लॅपटॉपवाला म्हणाला, “सर, यादीत ‘आरक्षण वगळणे’, ‘आरक्षण बदलणे’ आणि ‘रस्ता रद्द’ एवढंच आहे. हे आरक्षणाच्या गठ्ठ्यात आलंय, तर ‘वगळणे’च निवडता येतं.”

“नोंद घेतली,” साहेब म्हणाले. “सही करा.”

चाळीस सेकंद झाली असतील. त्यातली पंधरा पेला पुसण्यात.

आता खरं सांगतो, मला त्या साहेबांचा राग नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये 87 हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तर 4350 तास होतात. रोज आठ तास, रविवारी सुट्टी नाही, जेवायला उठायचं नाही, तरी जवळजवळ दीड वर्ष. म्हणून गठ्ठे होतात, म्हणून विषयाची ओळ वाचतात. आणि आपणही काही कमी नाही: सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर आलेलं छापील पत्र, खाली फक्त नाव बदललेलं, एका झेरॉक्स यंत्रातून चारशे. ती चारशे पत्रं एकच हरकत म्हणून एका ओळीत बसतात, आणि पाचवी ओळ वाचेल अशा आशेवर लिहिलेलं एखादं पत्र त्यांच्याखाली दबून जातं.

राग येतो तो क्रमाचा. मांडव पडला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि मग मुलीला विचारायचं, मुलगा पसंत आहे ना, तीस दिवसांत लेखी कळव. सगळ्या रेघा मारून झाल्यावर बोलावतात. रेघ मारण्याआधी, इरादा जाहीर होतो तेव्हाही सूचना मागवतात, पण तेव्हा समोर नकाशाच नसतो. सूचना कशावर करायची, हवेवर? आणि सुनावणीनंतर आपल्या हरकतीचं काय झालं ते कोणी कळवत नाही. अहवाल वर जातो, आराखडा शासनाकडे जातो, काही वर्षांनी मंजूर होऊन परततो, आणि आपण भिंग घेऊन आपलं मैदान शोधत बसतो. सापडलं तर आपण जिंकलो.

बाहेर आलो तर काका उशी झटकत होते. त्यांना माझा चेहरा पुरला.

“इथे नाही झालं तर कलम 31 ला येईल,” ते म्हणाले. “शासन मंजुरी देताना मोठे बदल वगळून वेगळे ठेवतं, त्यावर पुन्हा हरकती घेतात. तिथेही नाही तर 37 खाली फेरबदल. गाड्या असतात हो पुढे. तुम्ही फक्त थांब्यावर राहायचं.” आणि दोनशे पंधरा म्हणताच ते उशीसकट आत गेले.

ते आत सव्वा तास होते. हसण्याचे आवाजही आले. त्यांच्या पत्राचा विषय नंतर त्यांनी मला दाखवला: ‘प्राथमिक शाळेचे आरक्षण कायम ठेवावे.’ पाच शब्द. आत म्हणे साहेबांनी दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

मी खाली आवक-जावकच्या खिडकीवर गेलो. दुरुस्ती अर्ज लिहिला. दोन प्रती. आरक्षण क्रमांक, टोकन क्रमांक, आवक क्रमांक. विषयासमोर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘खेळाचे मैदान कायम ठेवावे.’ खाली दोनदा रेघ मारली.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. चांगला वाचला, शेवटपर्यंत. मग पेन उघडलं.

“‘बाबत’ राहिलं तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि ‘ठेवावे’च्या पुढे त्यांनी ते आपल्या हाताने, सुरेख वळणदार अक्षरात लिहून दिलं. मग शिक्का मारला. क्रमांकही घातला.