कुकरचं रबर

"वहिनींना पाठवा," भांडीवाला म्हणाला. अख्ख्या दुकानासमोर. किती लिटरचा, आतलं झाकण की बाहेरचं, याची उत्तरं मी घडाघडा दिली होती. तरी वहिनींना पाठवा! आमच्याकडे कुकर मी लावतो. वहिनींना शिट्ट्यांपुरतं ठाऊक.

तेवढ्यात शेजारी स्टीलच्या गंजाला टिचक्या मारत असलेल्या काकांनी माझ्या हातातलं जुनं रबर न विचारता काढून घेतलं. ताणलं. हुंगलं. मग डोळ्यासमोर धरून त्यातून माझ्याकडेच बघितलं.

"याला काय धाड भरलीये?"

"कडक झालंय, काका. कडेने वाफ जाते, शिट्टीच होत नाही."

"फ्रीजरमध्ये टाकायचं रात्रभर. आमचं आठ वर्षं चाललंय."

"आठ?"

"तेही दुसऱ्याच कंपनीच्या कुकरचं."

गारठ्याने रबर आकसेल फार तर, तरुण कसं होईल? 1839 साली चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवलं, रबराच्या आतल्या धाग्यांना गंधकाच्या गाठी बसल्या, म्हणून ते उन्हाळ्यात चिकटायचं आणि थंडीत तडकायचं थांबलं. पण रोजच्या आचेत गंधकाच्या त्या गाठी वाढत जातात, हवेतला ऑक्सिजन भर घालतो आणि रबराचं लाकूड होतं. हे सगळं मी काकांना ऐकवलं. गुडइयर 1860 मध्ये कर्जात मेला, त्याच्या नावाची टायर कंपनी 1898 ला निघाली आणि तिच्याशी त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता, हेही सांगितलं.

"म्हणजे रबर त्यालाही परवडलं नाही," काका म्हणाले.

परवडणार कसं? पाच लिटर म्हणजे पाच लिटर, पण प्रत्येक कंपनीच्या रबराचा घेर निराळा. कुकरला वर्षानुवर्षांची हमी, रबर तेवढं बारीक अक्षरात वगळलेलं. म्हणजे जे बिघडणार हे ठरलेलंच आहे, ते आपल्या गळ्यात. आणि याबद्दल कोणी ब्र काढत नाही, कारण शंभर-दीडशे रुपयांसाठी भांडायचं कोणाशी?

शेवटी भांडीवाल्याने 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीखालून एक रबर माझ्याकडे सरकवलं.

"हे जुनं तुम्हाला नकोच ना आता?" म्हणत काकांनी ते पिशवीत टाकलं आणि गेलेसुद्धा.

नवं रबर घरी झाकणात लटकायला लागलं. तणतणत परत गेलो. भांडीवाल्याने मानही वर केली नाही.

"जुनं आणलंय का? मापाला लागेल."