गेम खेळलात तर पोलीस येणार म्हणे!

परवा रात्री साडेदहाला म्हापशाहून वहिनीचा फोन. "भावोजी, याला तो गेम बंद करायला सांगा हो, पोलीस येतील घरी!" हा म्हणजे माझा पुतण्या. तिघा मित्रांना घेऊन गेले आठ महिने एक गेम करतोय. चौघांनी आपापल्या फोनवरून मिळून एकच माटोळी (चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट) बांधायची, असा खेळ. आंबाड्यांचा घोस बरोबर लोंबकळावा म्हणून पोरं रात्र रात्र जागतात.

वहिनीला आलेला फॉरवर्ड मग मलाही तीन ग्रुपांवर सापडला. अमेरिकन कंपनीने 'अनेकांनी एकत्र ऑनलाइन खेळण्याचं' पेटंट घेतलंय, खेळणाऱ्यांना नोटिसा येणार, पेटंटशिवाय कुणी गेम बनवणार नाही, म्हणून तुमच्या गेमच्या कल्पनेचं पेटंट आजच घ्या. खाली एका सल्लागाराचा नंबर. फी पंधरा हजार.

पोलिसांचं आधी मिटवू. पेटंटभंग हा दिवाणी दावा आहे आणि अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतं. संपलं.

ती कंपनी मात्र खरी आहे, हे कबूल करावं लागतं. वर्ल्ड्स इंक. आभासी जगात शेकडो पात्रं असली तरी तुमच्या पडद्यावर मोजकीच दाखवायची, अशी तिची पेटंटं. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात आपल्याला चार हातांवरचेच लोक दिसतात, तसंच काहीसं! त्या जोरावर तिने २०१२ मध्ये ॲक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीवर दावा लावला. २०२१ मध्ये कोर्टाने तिच्या पेटंटांतले दावे अमूर्त कल्पनेचे म्हणून अवैध ठरवले, २०२२ मध्ये अपिलातही तेच. फॉरवर्डवाल्यांना ही बातमी अजून पोचायचीय. पण यात नऊ-दहा वर्षं गेली. मोठी कंपनी वकील पोसते, चार पोरांनी काय करायचं? ढगळ पेटंटाचं खरं नुकसान हे. आणि उद्या माटोळी अमेरिकेत विकायला काढली, तर तिथला कायदा बघावाच लागेल.

आता ते पंधरा हजार. भारताच्या पेटंट कायद्याचं, १९७० च्या, कलम ३ कुणीही उघडून वाचावं. ३(के): निव्वळ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम म्हणजे शोध नव्हे. ३(एम): खेळ खेळण्याची पद्धत म्हणजे शोध नव्हे. खेळ हा शब्दच कायद्यात आहे, आणखी काय पाहिजे? 'निव्वळ' या शब्दातून पळवाट निघते, खरा तांत्रिक परिणाम दाखवला तर पेटंट मिळूही शकतं. पण 'चौघांनी माटोळी बांधायची' या कल्पनेला नाही. पोरांनी लिहिलेल्या कोडला १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट आहेच, तो लिहिल्या क्षणापासून. नोंदणीची सक्ती नाही, सल्लागार तर नकोच.

पेटंटशिवाय गेम होत नाहीत? 'स्पेसवॉर' १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या पोरांनी केला आणि फुकट वाटला.

त्या नंबरवर मी काल फोन लावला. विचारलं, कलम ३(एम) वाचलंय का? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "सर, तुमच्यासाठी बारा हजार करू."