पाऊस पळवून बघणाऱ्यांनो

आज डबा खाताना ऑफिसातला एकजण म्हणाला, "तू सांगितलेला तो 'किल्ला' सिनेमा बघितला गं, दीडच्या स्पीडवर लावला तरी काही घडेचना." घास हातातच राहिला माझा.

दीडच्या स्पीडवर! अरे पाऊस आहे तो, कोकणातला, अविनाश अरुणने दिग्दर्शन करता करता कॅमेराही स्वतःच सांभाळलाय त्या सिनेमात, आणि तू पाऊस पळवलास?

२०१५ ला थिएटरला लागला तेव्हा आईला घेऊन गेले होते. आई म्हणजे पक्की सिरीयलवाली, आर्ट फिल्म वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी नाहीत. आमच्या मागचा माणूस सारखा उसासे टाकत होता, फोन बघत होता. आणि आई? इंटरव्हलला एकदम म्हणाली, "लांज्याच्या खोलीचा वास आला गं." तिची बदली झाली होती तिकडे, मी पाचवीत. माझा युनिफॉर्म पावसाळाभर वाळायचाच नाही, सकाळी ओल्यावरच इस्त्री फिरवायची ती, आणि त्या वाफेचा कुबट वास दिवसभर माझ्या अंगाला. पडद्यावरून वास आला तिला!! कुठल्या प्लॉटमुळे आला सांगा.

गोष्ट म्हणाल तर छोटीच आहे. वडील गेलेला मुलगा, आईची सरकारी बदली, पुणं सोडून कोकणातलं लहान गाव, नवी शाळा, नवे मित्र. एकदा हे मित्र त्याला किल्ल्यावर टाकून जातात आणि वरून पाऊस कोसळतो. दोन ओळीत सांगून झालं ना? पण त्याला तिथे जेवढा वेळ काढावा लागतो तेवढा आपल्यालाही काढावा लागतो म्हणून ते आत जातं. तो वेळ कापलास की उरतो फक्त एक भिजलेला मुलगा.

आणि हेच लोक जुलैत ताम्हिणीला जातात हां. तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून, धुक्यात उभं राहून कणीस खातात, समोर काहीही घडत नसतं, तरी फोटो टाकतात 'स्वर्ग' म्हणून. तिथे नाही कुणी विचारत पुढे काय होणार!

बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला २०१४ मध्ये या सिनेमाला क्रिस्टल बेअर हे बक्षीस मिळालं, ते मुलांच्या ज्युरीने दिलं. मुलांनी! ज्यांना एका जागी बसवत नाही असं आपण म्हणतो त्यांनी.

बरं, मान्य, काही सिनेमे नुसतेच रेंगाळतात, संथ आहे म्हणून लगेच भारी होत नाही काही. पुढे.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तोही दमून घरी येत असेल, लोकलमध्ये उभ्याने बघत असेल, स्वतःचा असा वेळ मिळतोय कुणाला. पण म्हणूनच म्हणते ना, की हे असं पळवू नकोस. लांज्याबद्दल आई त्याआधी कधीच बोलली नव्हती, बदली हा विषयच आमच्याकडे बंद होता. त्या दिवशी रिक्षात घरी येईपर्यंत बोलली, तिथली घरमालकीण, गळकं छप्पर, मी शाळेत गेल्यावर तिला रडू यायचं ते. मला काहीच माहीत नव्हतं यातलं.

रविवारी संध्याकाळी घरी परत लावतेय, आईपण आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, चहा भजी करते. फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचे आणि रिमोट माझ्याकडे राहील.