काकाजी, कूलर आणि साडेतीन हजार शब्द

माझ्या रहस्यमालिकेच्या नवव्या पुस्तकाच्या शेवटी तिच्या नायकाला, काकाजींना, मी पुण्याला मुलाकडे पाठवून दिलं. नागपूरकराच्या लेखी हा मृत्यूच्या खालोखालचा प्रकार, त्यामुळे मालिका संपली हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. आता दिवाळी अंकासाठी याच काकाजींची एक छोटी रहस्यकथा हवी आहे. साडेतीन हजार शब्द, ऑगस्टच्या आत. "नऊ पुस्तकं लिहिली, एका कथेचं काय एवढं!" असं म्हणणाऱ्यानं वर्षभर बंद असलेलं घर कपभर चहापुरतं उघडून बघावं. चहा दोन मिनिटांत होतो. पण त्याआधी मोटार, गॅस, झुरळं आणि शेजारी.

पहिला प्रश्न, कथा बसवायची कुठे. काकाजींना पुण्याहून परत आणता येईल, पण मग नवव्या पुस्तकातला निरोपाचा प्रसंग फुकट जातो. डॉयलनं शेरलॉक होम्सला डिसेंबर १८९३ मध्ये धबधब्यात घालवलं. १९०१ मध्ये तो परत आला, तेव्हा ती आधीची हकिकत म्हणून आली. मेलाच नव्हता, हे सांगायला १९०३ उजाडलं. आधीची हकिकत सांगण्याचा मार्ग स्वस्त. दोन पुस्तकांमध्ये फट शोधायची आणि कथा तिथे सरकवायची. माझं तिसरं पुस्तक एप्रिल २००५ मध्ये संपतं, चौथं पोळ्याला सुरू होतं. म्हणजे मे महिना मोकळा. नागपूरचा मे मोकळा का राहतो, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग वही. दोनशे पानी घ्यावी, शंभर पानी पुरत नाही. नऊही पुस्तकं पहिल्यापासून वाचायची आणि रकाने भरायचे: वय, चष्मा, घड्याळ कोणत्या हातात, वाड्याच्या पायऱ्या किती. हे वाचन आनंदाचं नसतं. नागपूरच्या महाल भागातल्या त्या वाड्याला दुसऱ्या पुस्तकात चौदा पायऱ्या आहेत, पाचव्यात सतरा. काकाजींचा जोडीदार बंड्या, त्याची दोन पोरं शाळेत जाऊ लागली तरी काकाजींची उमर तीनच वर्षांनी वाढली. वॉटसनची गोळी एका कादंबरीत खांद्याला लागते आणि पुढच्या कादंबरीत पायाला, एवढाच काय तो दिलासा. पण सगळ्यांत घातक रकाना वेगळा: कोणाला काय ठाऊक आहे आणि कधीपासून. काकाजी नोकरीत असताना निलंबित झाले होते, हे बंड्याला चौथ्या पुस्तकात कळतं. म्हणजे माझ्या मे महिन्यात ते त्याला ठाऊक नसलं पाहिजे. कथेतला सर्वांत चांगला विनोद नेमका त्यावरच होता. गेला.

शहराचंही तेच. २००५ मध्ये बर्डीवर मेट्रो नाही. मात्र इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी तेव्हा चालू होती, ती थेट २०१९ पर्यंत चालली. म्हणून एक संशयित नागभीडहून आणला. रुळांची रुंदी कमी, गाडीचा वेग कमी, सबब मोठी. आणि वातावरणनिर्मितीसाठी मेमध्ये टेबलावर संत्रं ठेवायचं नाही. आंबिया बहाराची फळं हिवाळ्यात येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकतात. चूक काढायला संत्र्यांच्या काटोलचा एक वाचक पुरे असतो.

आता शब्दांचा हिशेब. प्रेत पहिल्या तीनशेच्या आत हवं. काकाजी कोण, हे नव्या वाचकाला सव्वाशेत सांगायचं आणि जुन्याला ते सांगितल्याचं कळू द्यायचं नाही. संशयित चार, पाचवा आला की त्याला नाव, धंदा आणि रात्री कुठे होता हे द्यावं लागतं, म्हणजे दोनशे गेले. उलगडा पाचशे. कादंबरीत तीन डाव एकमेकांत गुंतवता येतात, कथेत एकच डाव आणि एकच खोटं.

माझा डाव कूलरचा आहे. बंद खोलीतलं प्रेत हा जुना लोकप्रिय प्रकार, पण मे महिन्यात नागपुरात तो लिहिता येत नाही, कारण कूलर खिडकीत असतो आणि आतली हवा जायला कुठेतरी फट ठेवावीच लागते. सगळं लावून घेतलं तर खोली गार होत नाही, नुसती दमट होते. पापड वातड होतो, काडी पेटत नाही. तेव्हा बंद खोली सोडली आणि टाकी धरली. पुतण्या सांगतो, रात्री दहाला काकांसाठी चार बादल्या पाणी भरून कूलर लावून दिला, सकाळी सातला पाहतो तर काका गेलेले. पंखा तेव्हाही फिरतोय. काकाजी टाकीत हात घालतात. चार बादल्या जशाच्या तशा. मे महिन्यात रात्रभर चाललेल्या कूलरची टाकी सकाळी तळ दाखवते. म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या भिजल्याच नाहीत. पंख्याचं बटण वेगळं, पंपाचं वेगळं. पहाटे घाईत एकच दाबलं गेलं.

आणि इथून भोकं सुरू. टाकीला फ्लोट असला तर पाणी आपोआप भरतं, म्हणून पाणी बादलीनंच भरतात हे आधी कुठेतरी यायला हवं. पंप क्षारानं जाम झाला असेल तर पुतण्या निर्दोष, म्हणून काकाजींनी बटण दाबून ताटीवर धार पडताना दाखवायची. पहाटे कुणी टाकी भरली असेल, तर त्या वेळी नळ आला नव्हता. वीज गेली असेल, तर भारनियमनाचे दिवस, वाचक तास मोजतो. म्हणून शेजारच्या घरातला रात्रभर चाललेला टीव्ही. चार भोकं, चारशे शब्द. कूलरच्या टाकीचा बुच यापेक्षा लवकर बसतो.

पुरावा लपवायची जागा ठरलेली: तीन वस्तूंच्या यादीत मधली, आणि यादी संपताच विनोद. वाचक विनोदाकडे बघतो. इथे बंड्या म्हणतो, "काकाजी, तुम्ही बी कूलरसमोर उभे राहून केस वाळवून राह्यले का?" काकाजींना टक्कल आहे (पुस्तक पहिलं, पान तिसरं, तपासलं).

खरी मारामारी दारात चाललेली असते. नऊ पुस्तकांतली सगळी मंडळी आत यायला बघतात. तर्री पोहेवाल्याला एक वाक्य हवं, कारण तो नसला तर वाचक विचारतात. तो आला की ठाणेदारसाहेब येतात, ते आले की काकू चहा टाकतात, आणि काकूंच्या चहाला दोनशे शब्दांखाली उकळी फुटत नाही. पोहेवाल्याला एक वाक्य दिलं. काकूंना माहेरी धाडलं. ठाणेदार अधिवेशनाच्या बंदोबस्तावर ठेवले होते, मग आठवलं की नागपूरचं अधिवेशन हिवाळी असतं. ते आता रजेवर आहेत.

सगळं बसलं, शब्द बेतात आले, आणि वहीत दिसलं की तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काकाजी जिन्यावरून पडून उजवं मनगट मोडून घेतात. प्लास्टर सहा आठवडे. म्हणजे मेच्या मध्यावर टाकीत उजवा हात घालता येत नाही. बंड्याला घालायला लावावा तर शोध बंड्याचा होतो. डावा घालावा तर त्यात घड्याळ आहे, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा भिजून बंद पडतं ते सहाव्या पुस्तकात, असं मीच लिहून ठेवलंय. म्हणून काकाजी आधी घड्याळ काढतात. नऊ शब्द वाढले. पण एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताचं घड्याळ स्वतःचं स्वतः निघत नाही. ते बंड्या काढतो. आणखी सहा.