‘अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी रात्र’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी तीन आहेत: सर्व्हरच्या अर्ध्या तासाच्या अपग्रेडला आम्ही रात्र घालवली, काम रिमोट (दुरून) असूनही तुमच्या ऑफिसात माणूस बसवून ठेवला, आणि सकाळी एका जुन्या पीसीवरून सर्व्हरला लॉगिन होईना.

सर्व्हर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीवर होता. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. तिथून २४.०४ वर थेट जाता येत नाही, आधी २२.०४, रीबूट, तपासणी, मग पुढचा टप्पा. बिलात अपग्रेड दोनदा दिसतो तो यामुळे.

पॅकेजं (सॉफ्टवेअरचे भाग) बसायला फार वेळ लागत नाही. वेळ गेला पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. अपग्रेडमध्ये त्याची नवी आवृत्ती जुन्या आवृत्ती १२ च्या शेजारी बसते, पण तुमचा डेटा आपोआप तिकडे जात नाही. शेवटी ‘जुनी पॅकेजं काढू का?’ असं विचारलं जातं. तिथे होकार दिला तर १२ निघून जातं आणि डेटा डिस्कवर असूनही उघडायला काही उरत नाही. म्हणून तिथे नकार द्यायचा, नव्या आवृत्तीचा रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा साठा) काढून टाकायचा, मग जुन्यातून डंप (डेटाची पूर्ण प्रत) घेऊन डेटा नव्या आवृत्तीत भरायचा आणि टेबलं पडताळायची. तुमच्या हिशेबाचा डेटा त्यात आहे. इथे घाई आम्ही करणार नाही.

आता ऑफिसात बसवलेल्या माणसाचं. मधेच लाईन तुटली तरी अपग्रेड ‘स्क्रीन’ या प्रोग्राममध्ये चालू राहतो आणि १०२२ पोर्टवर दुसरं एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) उभं असतं (फायरवॉलमध्ये तो पोर्ट आधी उघडावा लागतो, नाहीतर उपयोग शून्य). पण रीबूटनंतर सिस्टिमच उठली नाही तर एसएसएचही नाही. सर्व्हरला आयड्रॅक किंवा आयएलओ (दुरून मशीन सांभाळायची सोय) असेल तर वेगळ्या चिपवरून त्याच्या मॉनिटरचं चित्र आम्हाला इथे दिसतं. तुमच्या टॉवर सर्व्हरला ती सोय नाही. ‘/बूट’ पार्टिशन (डिस्कचा सुरुवातीच्या फाइलींचा भाग) जुन्या कर्नलनी (सिस्टिमच्या गाभ्याच्या आवृत्त्यांनी) भरलं असेल तर नव्या कर्नलची बूट फाइल अर्धवट बनते आणि मशीन कर्नल पॅनिकवर (सुरू होतानाच थांबवणाऱ्या चुकीवर) अडकतं. जागा आम्ही आधी रिकामी करतोच, तरी रीबूटच्या वेळी मॉनिटरसमोर कोणीतरी हवं: पॉवर बंद-चालू करायची, ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या) मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडायचा. फोनवर सांगून पाच मिनिटांत होतं. माणूस नसेल तर सोमवारी कुलूप उघडेपर्यंत सगळं ठप्प.

जुन्या पीसीचं कारण वेगळं आहे. २२.०४ पासूनचं ओपनएसएसएच (सर्व्हरवरचं लॉगिनचं सॉफ्टवेअर) एसएचए-१ या जुन्या पद्धतीची सही स्वीकारत नाही, आणि पुटी या लॉगिनच्या प्रोग्रामच्या ०.७५ आधीच्या आवृत्त्या आरएसए प्रकारच्या कीने (लॉगिनच्या डिजिटल किल्लीने) तीच सही करतात. तुमची की खराब झालेली नाही. सर्व्हरवर एका ओळीने जुनी सही पुन्हा चालू करता येते, पण इंटरनेटला उघड्या सर्व्हरवर आम्ही ते करत नाही. त्या पीसीवर नवं पुटी टाका, पुटीजेनमध्ये (पुटीसोबतचं की बनवायचं साधन) ईडी२५५१९ प्रकारची की बनवा आणि फक्त पब्लिक की आम्हाला मेल करा. प्रायव्हेट की कोणालाच पाठवू नका, आम्हालाही नाही. पब्लिक की आली की त्याच दिवशी सर्व्हरवर चढवतो. त्याचा वेगळा चार्ज नाही.