पेल्टियर प्लेट चुलीवर ठेवा म्हणे!

पेल्टियर प्लेट म्हणजे एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की वीज देणारी छोटी चौकोनी प्लेट. ती चुलीवर ठेवून वीज बनवा, असा मेसेज फिरतोय. काल मावशीनेही तोच पाठवला, खाली प्रश्न: "बर्डीच्या बाजारातून दोन आणू का?" मावशी, नको आणूस. मेसेज म्हणतो: प्लेटमध्ये हलता भाग नाही, म्हणून ती आयुष्यभर टिकते, आतला पदार्थ ५८५ अंशांना वितळतो, तेव्हा बिनधास्त चुलीवर ठेवा, वरून गार पाणी ओता, वीज कमी झाली तर स्क्रू आवळा, नागपूरच्या उन्हात पत्र्यावर लावली तरी मोबाइल चार्ज होतो.

५८५ चा आकडा बिस्मथ टेल्युराइडचा, म्हणजे आतल्या वीज बनवणाऱ्या पदार्थाचा आहे आणि तो बरोबर आहे. पण प्लेट म्हणजे नुसतं बिस्मथ टेल्युराइड नाही. सर्रास मिळणाऱ्या १२७०६ या मॉडेलमध्ये त्या पदार्थाच्या १२७ जोड्या, म्हणजे २५४ बारीक खांब तांब्याच्या पट्ट्यांवर सोल्डरने, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूने जोडलेले असतात. स्वस्त प्लेटांत हे सोल्डर बहुधा बिस्मथ-कथिलाचं. ते १३८ अंशांनाच वितळतं आणि १०० अंशांवरही ताणाखाली हळूहळू सरकत राहतं. चुलीच्या जाळावर ते किती टिकणार?

सगळ्यात घातक सल्ला गार पाण्याचा. प्लेटची एक बाजू १३० अंशांवर आणि दुसरी ३० वर असली, तर खांबांच्या वर-खाली असलेल्या ४० मिलिमीटरच्या दोन सिरॅमिक पाट्यांपैकी गरम पाटी गार पाटीपेक्षा सुमारे २८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) लांब होते. म्हणजे भाग हलतातच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. ही ओढाताण कोपऱ्यातल्या खांबांना सर्वांत जास्त सोसावी लागते. बिस्मथ टेल्युराइड अभ्रकासारखं थरांचं असतं, थर एकमेकांना सैलसर धरलेले, त्यामुळे आडव्या ताणाने ते पापुद्र्यांत सुटतं. तापलेल्या प्लेटवर पाणी पडलं की एक पृष्ठ क्षणात आकसतं आणि तडा जातो. खांब एकामागोमाग जोडलेले असल्याने एक तुटला की सगळी प्लेट बंद. रोज तापणं-निवणं चाललं, तर पाणी न ओततासुद्धा हेच होतं, फक्त सावकाश.

तपासायचं असेल तर प्लेट पूर्ण निवू द्या, मल्टिमीटरने रोध मोजा, तारा उलटवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. बोटाच्या ऊबेनेही प्लेट वीज देते, म्हणून एकाच रीडिंगवर विसंबू नका. नव्या १२७०६ चा रोध सुमारे २ ओहम असतो. तो वाढत चालला तर आत तडा पडतोय.

पत्र्याचं म्हणाल तर पत्रा तापतो, पण हवाही तापलेली असते. प्लेटच्या दोन बाजूंत ५ अंशांचा फरक पडला तर जेमतेम पाव व्होल्ट मिळतो. मोबाइलला ५ लागतात.

एक मान्य करावं लागेल. १९७७ साली सुटलेली व्हॉयेजर अंतराळयानं उष्णतेपासूनच वीज बनवून इतकी दशकं चालली आहेत, आणि तिथे गरम टोक सुमारे १००० अंशांवर असतं. पण तो पदार्थ सिलिकॉन-जर्मेनियम, जोडण्याही त्या तापमानासाठी केलेल्या, आणि तिथे रोजचं तापणं-निवणं नाही. तरीही सुरुवातीच्या सुमारे ४७० वॉटपैकी आता निम्मीही वीज उरलेली नाही. उष्णता देणारं प्लुटोनियम क्षीण होतं, जोड्याही झिजतात.

राहिले प्लेट दाबून धरणारे स्क्रू. बिस्मथ टेल्युराइड दाब सोसतं, पण तिरका ताण सोसत नाही. गार असताना, थर्मल पेस्ट (उष्णता नीट पोचवणारा लेप) पातळ लावून, स्प्रिंग वॉशर घालून दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. तापलेल्या प्लेटचा एकच स्क्रू आवळलात, तर सिरॅमिकचा कोपरा पहिल्यांदा उडेल.