अस्मितेचा पक्ष सत्तेत आल्यावर घ्यायची काळजी

तर मंडळी, सर्वप्रथम अभिनंदन. भूमिपुत्रांवरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही पक्ष काढलात, चार दुकानांच्या पाट्यांना काळं फासलंत, पाच-सहा केसेस अंगावर घेतल्यात आणि आता तुमच्या गाडीपुढे सायरन वाजवत पोलिसांची गाडी धावायला लागलीय. नेमक्या अशाच वेळी माणूस भाबडेपणा करतो, जाहीरनामा वगैरे काढून वाचत बसतो. तसलं काही करू नका. आधी मोर्च्याचे जुने बॅनर नीट घडी घालून माळ्यावर ठेवा. फेकू नका, लागतात, कशाला ते पुढे सांगतो.

पहिलं काम सोपंय, नाव बदला. तिकडच्या तमिळ अस्मितेच्या पक्षाने, द्रमुकने, 1969 ला मद्रास राज्याचं तमिळनाडू केलं, आपल्याकडे शिवसेना-भाजप युतीने 1995 ला बॉम्बेचं मुंबई केलं. (मला दोन्ही बदल मनापासून पटतात, उगाच अंगावर येऊ नका.) नावाची गंमत अशी की नवी पाटी एक पेंटर दुपारच्या जेवणाआधी रंगवून देतो, पण त्याच पाटीखालच्या ऑफिसात शाखेतलं एखादं पोरगं चिकटवायचं म्हटलं तर पाच वर्षं कमी पडतात. तेव्हा पाटीवर लक्ष द्या. आणि वचन देताना द्रमुकचा आदर्श ठेवा, 1967 च्या प्रचारात त्यांनी सांगूनच टाकलं होतं की रुपयाला तीन मापं तांदूळ हे ध्येय, एक माप नक्की. सत्ता आल्यावर ते नक्कीवालं मापही मोजक्या शहरांपुरतंच निघालं, पण ध्येयाला कुणी हात लावू शकलं का?

आता शत्रूचं काय करायचं. विरोधात असताना तो ठोकायचा असतो हे तुम्हाला पाठच आहे, सत्तेत आल्यावर त्याला चहाला बोलवायचं असतं, पण एकदम नाही, मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा म्हणजे बरं दिसतं. दाभोळचा एन्रॉन कंपनीचा वीज प्रकल्प अरबी समुद्रात बुडवायचा असं ठरवून युती सत्तेत आली, ऑगस्ट 1995 मध्ये करार रद्दही करून दाखवला, कोकणात लोकांना खरंच वाटलं की हे करतात बुवा. मग नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्क येऊन बाळासाहेबांना भेटून गेल्या आणि जानेवारी 1996 मध्ये तोच प्रकल्प समुद्रातून बाहेर, अंग पुसून, आधीपेक्षा जरा मोठा होऊनच. हे तंत्र विसरू नका, पुन्हा वापरता येतं. शिवसेनेसारखं नाणारची रिफायनरी नको म्हणून रान उठवायचं, ती 2019 ला रद्द करून घ्यायची आणि उद्धव ठाकरे स्वतः मुख्यमंत्री झाल्यावर जानेवारी 2022 मध्ये दिल्लीला पत्र लिहून बारसूची जागा सुचवायची. नाणार वेगळं, बारसू वेगळं. तालुका तोच राजापूर, पण एवढं बारीक कोण बघतं.

भाषेचंही तसंच. ‘हटाव लुंगी’ म्हणत वाढलेल्या शिवसेनेचे 2019 ला वरळीत ‘केम छो वरळी’ असे बोर्ड लागले आणि 2021 ला तर मुंबई महापालिकेवर डोळा ठेवून जलेबी-फाफडा आणि उद्धव ठाकरे आपडा. लोक हसले, मला तर यात प्रगती दिसली. निदान शत्रूची भाषा शिकून घेतली.

सत्तेत राहून सत्तेविरुद्ध बोलायची कला मात्र सगळ्यांना जमत नाही, त्यासाठी 2014 ते 2019 च्या शिवसेनेचा अभ्यास करा. सकाळी पक्षाच्या पेपरात सरकारची सालटी काढायची, दुपारी त्याच सरकारच्या कॅबिनेटला जाऊन बसायचं आणि संध्याकाळी सांगायचं की राजीनामे खिशात आहेत. ते खिशात आहेत हे महत्त्वाचं, बाहेर काढायचे नसतात. एकच सूचना, कागद लॅमिनेट करून घ्या, पाच वर्षं घाम लागून शाई पसरते.

गुवाहाटी म्हटलं की तुम्हाला झाडी, डोंगर, हाटील आठवणार, साहजिक आहे. पण तिथेच आपल्या बंडखोर आमदारांच्या खूप आधी अस्मितेचा भारी प्रयोग झालाय. 1985 ला आसाम करार झाला आणि हॉस्टेलमध्ये राहणारी आंदोलक पोरं आसाम गण परिषद काढून त्याच वर्षाअखेर थेट सरकारात जाऊन बसली, मुख्यमंत्री प्रफुल्लकुमार महंता तिशीतले. परकीय घुसखोर हा एकच प्रश्न. दोन वेळा सत्ता मिळाली, मध्ये पक्ष फुटला, आणि ज्या आयएमडीटी कायद्यामुळे घुसखोर सापडत नाहीत म्हणून बोंब होती तो कायदा शेवटी 2005 ला सुप्रीम कोर्टाने घालवला. तुम्हाला वाटेल हे अपयश. अहो, प्रश्न जिवंत राहिला की! त्यावर पुढच्या दुसऱ्या पक्षांचीही पोटं भरली.

उलट चंद्रशेखर रावांनी काय चूक केली बघा. 2001 ला तेलंगणासाठी पक्ष काढला आणि 2014 ला राज्य चक्क मिळालं. झाली ना पंचाईत! मग 2022 ला पक्षाच्या नावातून तेलंगणा काढून भारत टाकला, नांदेडला सभा घेतली, आषाढीच्या तोंडावर गाड्यांचा भलामोठा ताफा घेऊन पंढरपूरला विठोबाच्या दर्शनाला आले, आणि डिसेंबर 2023 ला तिकडे घरचंच राज्य गेलं. म्हणून सांगतो, प्रश्न सोडवायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा गोव्याचे भाऊसाहेब बांदोडकर बघा, त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, म्हणजे मगोचा, मुद्दाच मुळी महाराष्ट्रात विलीनीकरण, जानेवारी 1967 च्या जनमत कौलात लोकांनी तो नाकारला आणि दोनच महिन्यांत त्याच लोकांनी मगोला परत निवडून दिलं, विलीन न झालेला गोवा चालवायला. पुढे 1979 पर्यंत मगोने तो चालवलासुद्धा.

बाकी कधीतरी सत्ता जाईल, ती जातेच. तेव्हा माळ्यावरचे बॅनर काढा, झटका, उन्हात टाका. नवीन छापायला पैसे घालवू नका, मागण्या सगळ्या त्याच आहेत. फक्त खाली ‘मुख्यमंत्री राजीनामा द्या’ लिहिलेलं असेल तिथे नाव तपासून घ्या, चुकून आपलंच असायचं.